सहकुटुंब थीम पार्क: तिकीट सगळ्यांचे, राइड कोणाची?

मे महिन्याच्या सुट्टीत खोपोलीजवळ द्रुतगती मार्ग सोडून इमॅजिकाकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये बहुधा तीन पिढ्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. पार्कच्या जाहिरातीतही असेच कुटुंब दिसते. फाटकातून आत गेल्यावर मात्र ते पांगते. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा सर्वांत उंच रोलर कोस्टरची रांग धरतो, धाकट्या बहिणीला उंचीपट्टीपाशी अडवतात, आजोबा रक्तदाबाची पाटी वाचून मागे फिरतात, आणि आई सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत सावली शोधते. तिकीट कुटुंबाला विकलेले असते, राइड मात्र प्रत्येकाला वेगळे मोजते.

भारतात बंदिस्त आवारातल्या मनोरंजन उद्यानांना चार दशके झाली. त्यांच्याबद्दलचे वाद नेहमी सुटेसुटे चालतात: तिकीट महाग की रास्त, राइड्स थरारक असाव्यात की सौम्य, रांग पैशाने टाळू द्यावी का, सुरक्षेची हमी कोणी द्यायची, पाण्याचे काय. हे वाद एकत्र ठेवून पाहिले तर सगळे त्याच पांगणाऱ्या कुटुंबापाशी येतात. या लेखात त्यांची पार्श्वभूमी, मुख्य भूमिका आणि आजवर न सुटलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत.

जत्रेतून फाटकाच्या आत

पाळण्यात बसण्याची हौस आपल्याकडे थीम पार्कच्या कितीतरी आधीपासून आहे. गावोगावच्या जत्रा-उरुसांत आकाशपाळणा, लाकडी घोड्यांची चक्री आणि मौत का कुआं असे. नंतर विजेवर चालणारे ब्रेक डान्स, टोराटोरा आणि कोलंबस नावाची झुलती होडी आली. माहीमच्या उरुसात आणि वांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेत हे पाळणे आजही लागतात. जत्रेला फाटक नसते. ज्याला बसायचे तो त्या पाळण्याचे पैसे देतो, बाकीचे खाली उभे राहून भेळ खातात आणि वरच्यांना हात करतात.

युरोप-अमेरिकेतला प्रवास निराळा झाला. कोपनहेगनचे टिव्होली १८४३ साली सुरू झाले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी उतारावरून घसरत जाणारी रेल्वे चालवली आणि रोलर कोस्टरच्या धंद्याला तोंड फुटले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडले. मुली चक्रीवर बसायच्या तेव्हा आपण बाकावर बसून राहायचो, म्हणून आईवडील आणि मुले दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा हवी असे वाटले, ही त्यामागची कहाणी वॉल्ट डिस्नी स्वतः सांगत. म्हणजे बाकावर बसून राहणाऱ्या पालकाची अडचण थीम पार्कच्या कल्पनेतच होती. त्यावर डिस्नींनी काढलेला तोडगा कथेचा होता. इमारती, संगीत, पात्रे आणि राइड एका सूत्रात ओवायची, म्हणजे नुसते फिरणाऱ्यालाही काही मिळेल.

भारतात १९ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर अप्पू घर सुरू झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बोधचिन्हावरून त्याला नाव मिळाले आणि २००८ मध्ये ते बंद पडले. त्याच नावाचे उद्यान पुढे निगडीतही झाले. मुंबईत १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड आले. फेरीबोटीने खाडी ओलांडून तिथे पोहोचणे हाच अनेकांना सहलीचा पहिला आनंद वाटे. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम उघडले. कोचीत २००० साली सुरू झालेल्या वीगालँडमधून वंडरला ही साखळी उभी राहिली आणि २००५ मध्ये बंगळुरूला, २०१६ मध्ये हैदराबादला पोहोचली. २०१३ च्या एप्रिलमध्ये मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. एस्सेल वर्ल्ड हा मुख्यतः राइड्सचा समूह होता, इमॅजिकाने अनेक राइड्सना गोष्ट जोडली. सलीमगढ हा भुताटकीचा वाडा, अलीबाबाची गुहा, 'मिस्टर इंडिया' चित्रपटावर बेतलेली राइड ही त्याची उदाहरणे.

धंदा म्हणून हा मार्ग सोपा ठरला नाही. एस्सेल वर्ल्डच्या राइड्स आता बंद आहेत. इमॅजिका कर्जाखाली दबली आणि २०२२ मध्ये तिचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. वंडरला मात्र राइड्सचा मोठा भाग स्वतःच्या कारखान्यात बनवून आणि नव्या शहरांकडे सावकाश सरकून टिकून राहिली. महागडी यंत्रे आधी आणायची आणि मग तेवढी कुटुंबे वर्षभर येतील अशी आशा धरायची, या गणितातला धोका या उदाहरणांतून दिसतो. पुढच्या बहुतेक वादांच्या मुळाशी हेच गणित आहे.

एका तिकिटात काय काय

पहिला वाद दराचा. आज आपल्याकडची बहुतेक मोठी पार्के फाटकावर एकच तिकीट घेतात आणि आतल्या जवळपास सगळ्या राइड्स त्यात येतात. डिस्नीलँडची पद्धत सुरुवातीला अशी नव्हती. तिथे प्रवेशाबरोबर राइड्सच्या कुपनांच्या पुस्तिका विकल्या जात. ही पद्धत १९८२ मध्ये संपली.

पार्कचालकांचे म्हणणे असे, की यंत्र दहा माणसांसाठी फिरवा किंवा तीस माणसांसाठी, वीज, देखभाल आणि कर्मचारी यांचा खर्च जवळपास तेवढाच असतो. दर राइडला पैसे घ्यायचे तर प्रत्येक ठिकाणी वसुलीची खिडकी लागेल आणि पालकाला दिवसभर पाकिटात हात घालावा लागेल. कराचाही भार आहे. १ जुलै २०१७ पासून या प्रवेशशुल्कावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. उद्योगाच्या मागणीनंतर २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला.

ग्राहकांच्या बाजूने प्रश्न येतो तो न बसणाऱ्यांचा. ज्येष्ठांना काही ठिकाणी सवलत मिळते, पण फुकट प्रवेश क्वचित. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कनोबेल्स नावाचे एका कुटुंबाने चालवलेले जुने पार्क आहे. तिथे प्रवेश आणि पार्किंग विनामूल्य आहे आणि पैसे राइडनुसार द्यावे लागतात. आपल्या जत्रेचाच तो हिशेब आहे. हा पर्याय इथे का रुजत नाही, यावर चालकांचे उत्तर असे की फुकट आत आलेली गर्दी सांभाळण्याचा खर्च बसणाऱ्यांवरच पडेल.

अर्थशास्त्रात या कोड्यावर वॉल्टर ओय यांनी १९७१ साली डिस्नीलँडचेच उदाहरण घेऊन निबंध लिहिला. सर्व ग्राहकांची आवड सारखी असेल तर फाटकावर भरपूर आकारून राइडला फक्त ती चालवण्याचा खर्च घेणे मालकाच्या फायद्याचे. आवडी वेगवेगळ्या असतील तर प्रवेश स्वस्त करून राइडवर नफा ठेवणे अधिक लाभाचे ठरू शकते. तीन पिढ्यांचे कुटुंब हे वेगळ्या आवडींचे ठळक उदाहरण आहे, तरीही प्रत्यक्षात एकरकमी तिकीटच बहुतेक ठिकाणी पसरले. हिशेबाची सोय आणि दिवसभर कितीही वेळा बसा हे आकर्षण सिद्धांतापेक्षा वरचढ ठरले, असे म्हणता येईल.

दराला जोडून डब्याचा वाद येतो. फाटकावर पिशव्या तपासल्या जातात आणि पुरी-भाजीचा डबा बाहेर ठेवावा लागतो. बाहेरचे खाणे चालले तर आवारात कचरा, मुंग्या आणि विषबाधेची जबाबदारी वाढते, असे व्यवस्थापन सांगते. त्याचबरोबर खानपान हा उत्पन्नाचा मोठा आधार आहे, हेही कोणी नाकारत नाही. चित्रपटगृहांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे खाणे रोखण्याचा मालकांचा हक्क मान्य केला, मात्र पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि तान्ह्या बाळाचे अन्न नेऊ द्यावे असे म्हटले. चित्रपट तीन तासांत संपतो, पार्कात कुटुंब आठ-दहा तास असते आणि त्यात पथ्य सांभाळणारे आजोबाही असतात. या फरकाला किती वजन द्यायचे, हे अजून ठरलेले नाही.

थरार आणि सहभाग

पार्कने पैसा कोणत्या राइडवर घालावा, हा दुसरा वाद. इमॅजिकाच्या 'नायट्रो'त पायांखाली फळी नसते. हा कोस्टर सुमारे ४० मीटर उंचीवरून कोसळतो आणि ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेग गाठतो. जाहिरातीच्या फलकावर अशीच राइड येते, कारण तरुण तिच्यासाठी येतात आणि कुठे जायचे हे घरात बहुधा तरुणच ठरवतात. थरारप्रधान गुंतवणुकीच्या बाजूचा हा मुख्य युक्तिवाद.

दुसरी बाजू त्याच पार्कातल्या 'आय फॉर इंडिया'कडे बोट दाखवते. भल्यामोठ्या पडद्यासमोर आसने हवेत उचलली जातात आणि देशावरून उडत गेल्याचा भास होतो. इथे आजी आणि नातू शेजारी बसू शकतात. नेदरलँड्सचे एफ्टेलिंग १९५२ पासून परीकथांच्या बळावर चालते. फ्रान्सच्या पुय द्यू फूने यांत्रिक राइड्स टाळून इतिहासाच्या भव्य प्रयोगांवर सगळा डोलारा उभा केला. महाराष्ट्रातही असा प्रवाह आहे. शेगावच्या आनंदसागरमध्ये देवदर्शन, बाग आणि झुकझुक गाडी एकत्र आली. कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे पाहायला शाळांच्या सहली जातात. शिर्डीचे साई तीर्थ तर भक्तीलाच थीम मानते. देवदर्शनाला जोडून आलेल्या कुटुंबाला कोणी मागे राहिल्याची बोच लागत नाही. तरुणांना अशा जागा एकदाच पुरतात, हा त्यावरचा आक्षेप.

या वादात उंचीपट्टीची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. मांडीवर किंवा छातीवर येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मूल लहान असेल तर तो कमरेच्या हाडावर बसत नाही आणि झटक्यासरशी ते खालून निसटू शकते. वय विचारून हे कळत नाही, म्हणून उंची मोजतात. गंमत अशी की अनेक पार्कांत मुलांचे सवलतीचे तिकीटही उंचीवरच ठरते. तिकीटखिडकीवर आईबापांना मूल बुटके हवे असते, राइडपाशी उंच.

वॉटर पार्कात मोजमाप कपड्यांचे होते. सुती कपड्यांचे धागे गाळणयंत्रात अडकतात, बटणे आणि चेन घसरगुंडीचा फायबर खरवडतात, म्हणून नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो आणि नसेल तर तो भाड्याने घ्यावा लागतो. साडीतल्या किंवा सलवार-कमीजमधल्या बाईला पुष्कळदा काठावर बसणे भाग पडते. काही पार्के आता पूर्ण अंग झाकणारे नायलॉनचे पोशाख ठेवतात. वेव्ह पूलचा उथळ भाग मात्र सर्वांना सामावून घेतो. भोंगा वाजला की लाट येणार हे कळते, आणि गुडघाभर पाण्यात एकमेकांचे हात धरून अख्खे घर उभे असते. कोणत्याही कोस्टरला हे जमलेले नाही.

परदेशात आणखी एक व्यवहारी तोडगा रूढ आहे. लहान मूल बाहेर ठेवून एक पालक राइडवर जाऊन आला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. याला यंत्र बदलावे लागत नाही, फक्त नियम करावा लागतो. आपल्याकडे ही सोय अजून सरसकट झालेली नाही.

रांगेचा भाव

डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्या आणि तोवर दुसरीकडे फिरा, असे त्याचे स्वरूप होते. ती सोय मोफत होती. २०२१ मध्ये तिची जागा सशुल्क योजनेने घेतली. भारतातल्या मोठ्या पार्कांतही जादा दराचे, रांग टाळणारे तिकीट मिळते.

समर्थकांच्या मते ही ऐच्छिक सेवा आहे. लांबून आलेल्या, कमी वेळ हातात असलेल्या कुटुंबाला ती उपयोगी पडते आणि मूळ तिकिटाची दरवाढ लांबवते. विरोधकांच्या मते राइडची दर तासाची क्षमता ठरलेली असते, त्यामुळे एकाने विकत घेतलेली वीस मिनिटे दुसऱ्याच्या रांगेतून येतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. किती टक्के जागा अशा तिकिटांसाठी ठेवल्या आहेत यावर सगळा फरक पडतो, आणि नेमके तेच तिकीटखिडकीवर लिहिलेले नसते.

भरवसा कोणावर

सुरक्षेचा वाद सर्वांत गंभीर. कोस्टरच्या मार्गाचे अनेक खंड पाडलेले असतात. एका खंडात एकच गाडी, पुढचा खंड रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. २ जून २०१५ रोजी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'स्मायलर'च्या यंत्रणेने पुढे रिकामी गाडी अडकल्याचे ओळखून मागची थांबवली होती. कर्मचाऱ्यांना तो बिघाड वाटला. त्यांनी थांबा ओलांडून गाडी सोडली आणि टक्कर झाली. कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. तपासात दोष एकट्या-दुकट्या कर्मचाऱ्यावर न ठेवता कामाच्या पद्धतीवर ठेवला गेला. मार्च २०२२ मध्ये ओरलँडोत १४ वर्षांचा मुलगा उंच मनोऱ्याच्या राइडवरून निसटून पडला. त्याच्या आसनाचा संवेदक जुळवून घेतल्याने दांडा पुरेसा बंद झालेला नसतानाही राइड सुरू होऊ शकली होती. नंतर फ्लोरिडाने कायदा कडक केला.

भारतातल्या घटना दुसऱ्या प्रकारची दुर्बलता दाखवतात. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात झुलत्या राइडचा दांडा मोडून दोघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या एका जत्रेत वर-खाली जाणारा पाळणा कोसळून अनेक जण जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून किमान २७ जणांचा बळी गेला. त्यानंतर गुजरातने राइड्स आणि गेम झोनसाठी स्वतंत्र नियम केले.

नियमनाबद्दल तीन भूमिका आहेत. पहिली उद्योगाची: मोठी पार्के युरोपीय-अमेरिकी मानकांनुसार यंत्रे घेतात, बाहेरच्या संस्थांकडून तपासणी करून घेतात, आणि भारतीय मानक ब्युरोची राइड्सविषयीची मानकेही आहेत. तेव्हा भर प्रशिक्षणावर हवा, परवान्यांच्या नव्या थरावर नको. दुसरी भूमिका मानके सक्तीची करून राज्य पातळीवर तज्ज्ञ निरीक्षक नेमण्याची. आज महाराष्ट्रात पोलीस परवाना, स्थानिक संस्था, अग्निशमन आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचा यांत्रिकी दाखला अशा वेगवेगळ्या दारांनी परवानगी मिळते, पण संपूर्ण राइडची जबाबदारी एका दाराशी नसते, असे या बाजूचे म्हणणे. ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्डमध्ये २०१६ साली तराफ्याच्या राइडवर चौघांचा मृत्यू झाल्यावर क्वीन्सलँडने मोठ्या पार्कांना स्वतंत्र परवाना घेणे बंधनकारक केले, याचा दाखला इथे दिला जातो. तिसरी भूमिका जत्रेतल्या पाळणेवाल्यांची. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्या, भाड्याच्या जनित्रावर चालणाऱ्या धंद्याला मोठ्या पार्काचे नियम जसेच्या तसे लावले तर तो संपेल, आणि गावातल्या मुलांना परवडणारा एकमेव पाळणा जाईल. अमेरिकेतही फिरत्या राइड्स केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाकडे आहेत आणि कायमच्या राइड्स १९८१ पासून राज्यांकडे. म्हणजे दोन्हींना एकच माप लावण्याचा पेच तिथेही सुटलेला नाही.

पाणी आणि जागा

दुष्काळी वर्षांत वॉटर पार्कांवर बोट जाते. २०१६ मध्ये पाणीटंचाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, तेव्हा जलक्रीडेच्या सर्वच जागांची चर्चा झाली. चालक सांगतात की तलावातले पाणी गाळून पुन्हा वापरले जाते. खरा तोटा बाष्पीभवन, अंगावरून बाहेर जाणारे पाणी आणि गाळण्या धुण्यात होतो. टीकाकारांचा मुद्दा प्रमाणापेक्षा अग्रक्रमाचा आहे: शेजारच्या वाडीत टँकर येत असताना हा तोटा कोणत्या स्रोतातून भरून काढला जातो? गोराईसारख्या खाडीकाठच्या जागांना खारफुटी आणि किनारा नियमनाचाही संदर्भ आहे. पाण्याचे मीटर आणि स्रोत जाहीर करण्याची पद्धत नसल्याने हा वाद दर उन्हाळ्यात पहिल्यापासून सुरू होतो.

काय ठरले, काय ठरायचे आहे

काही बाबींवर आता फारसे दुमत उरलेले नाही. नुसत्या थरारावर पार्क चालत नाही आणि नुसत्या देखाव्यावरही कुटुंब पुन्हा येत नाही. उंची आणि प्रकृतीचे निर्बंध हा छळ नाही, त्यांना यांत्रिक कारण आहे. अपघातात यंत्राइतकाच कामाच्या पद्धतीचा वाटा असतो.

उरलेले प्रश्न तीन. न बसणाऱ्यासाठी वेगळे, स्वस्त प्रवेशतिकीट पार्कला परवडेल का? ओय यांचा सिद्धांत त्याच्या बाजूने आहे, उद्योगाचा अनुभव विरुद्ध. जत्रेतला पाळणा आणि पार्कातला कोस्टर यांच्या तपासणीचा किमान समान भाग कोणता असावा? आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेले प्रसंग यांची देशपातळीवर सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही कोणी ठेवायची?

यांची उत्तरे मते मांडून मिळणार नाहीत. रोज सकाळी राइड उघडण्यापूर्वी कर्मचारी तपासणीचा तक्ता भरतात. रिकामी गाडी आधी फिरवून पाहतात. किती फेऱ्या झाल्या आणि किती वेळा राइड थांबली, याच्याही नोंदी ठेवल्या जातात. आज हे कागद पार्कच्या कार्यालयात राहतात. त्यातले काय ग्राहकासमोर यावे आणि काय फक्त निरीक्षकासमोर, हे आधी ठरवावे लागेल. ते ठरले तर थरार, दर आणि भरवसा या तिन्ही वादांत प्रत्येक बाजूला आपले म्हणणे आकड्यांनी मांडता येईल, आणि आजीचे तिकीट कशासाठी काढले, याचेही उत्तर पार्कला द्यावे लागेल.